नावेचा विसावा

पावसाळा हा कोकणातल्या गलबताच्या विसाव्याचा काळ आणि विदर्भातल्या डोंग्याच्या कामाचा काळ. किनाऱ्यावर मृग लागायच्या सुमारास शिडे उतरत, डोलकाठ्या खाली येत आणि वाळूवर ओढलेल्या होड्यांवर नारळाच्या झापांचे छप्पर चढे. त्यानंतर थोड्याच दिवसांत विदर्भात सावनेरची कोलार, खाप्याची कन्हान आणि पूर्वेकडची पेंच या नद्या फुगू लागत, आणि उन्हाळाभर पडून राहिलेला डोंगा घाटावर माणसे उतरवायला निघे. नाव कधी चालते, कधी थांबते आणि थांबल्यावर तिचे काय करतात, यात महाराष्ट्रातल्या जलप्रवासाचा मोठा इतिहास आहे. लढाया, किल्ले आणि तह यांच्या हकिकतींत त्याला जागा क्वचितच मिळाली. पण ज्या घराची नाव होती, त्या घराचे वर्ष या क्रमानेच लागत असे.

कोकणची किनारपट्टी शिडाला आठ महिने अनुकूल असते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. पहाटे मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हा मासेमारीच्या होडीचा रोजचा क्रम. माल वाहणारे मचवे आणि पडाव याच दोन वाऱ्यांच्या आधाराने किनारा धरून गोव्यापासून मुंबईपर्यंत ये-जा करीत. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा हिशेब मोडतो. वारा सतत समुद्राकडून किनाऱ्याकडे जोराने वाहतो. शिडाचे गलबत त्यात सापडले तर खडकांकडे ढकलले जाते आणि त्याला परत बाहेर निघता येत नाही. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, त्यांवर लाटा फुटतात आणि आत शिरण्याची वाटही बंद होते. त्यामुळे पावसाळी बंदी कायद्यात येण्याच्या कितीतरी शतके आधी ती किनाऱ्यावरच्या लोकांनी वाऱ्याकडून शिकून घेतली होती.

नाव वर काढण्याचा दिवस चंद्रावरून ठरे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते. त्या भरतीवर होडी जितकी वर नेता येईल तितकी नेत आणि मग लाकडी ओंडक्यांवरून माणसांच्या बळाने तिला लाटांच्या टप्प्याबाहेर ओढत. हे एका घराचे काम नसे. आज एकाची होडी ओढायला आलेले उद्या दुसऱ्याच्या होडीला हात लावत, त्यामुळे वाडीतल्या सगळ्या होड्या एकाच उधाणात वर येत. मोठी गलबते खाडीत आत नेऊन चिखलाच्या काठावर बसवीत आणि दोरांनी बांधून ठेवीत.

खरी मेहनत यानंतर सुरू होई. समुद्रात आठ महिने राहिलेल्या लाकडावर शंख, शिंपले आणि शेवाळ यांचा थर चढलेला असतो. त्याने नाव जड होते, तिचा वेग घटतो. हा थर खरवडून काढला की खालचे लाकूड तपासता येते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय प्राणी असतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत फळी चाळणीसारखी झालेली असते. जहाजांच्या इतिहासात तोफांनी जितकी लाकडे फोडली त्याहून कितीतरी अधिक या प्राण्याने खाल्ली, असे म्हणायला हरकत नाही. तो गोड्या पाण्यात जगत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांच्या वरच्या भागात नदीचे पाणी जोरात उतरते आणि खारटपणा ओसरतो. खाडीत आत नेऊन ठेवलेल्या गलबताला वादळापासून आसरा मिळे आणि या किड्यापासून सुटकाही मिळे. हा दुहेरी लाभ योगायोगाचा खरा, पण पिढ्यान्‌पिढ्या खाडीचा आश्रय घेणाऱ्यांच्या तो ध्यानात आला नसेल असे मानणे कठीण आहे.

फळ्यांच्या सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोकून बसवीत. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचे मिश्रण फासत आणि पाण्यावरच्या भागाला माशाचे, विशेषतः मुशीच्या यकृताचे तेल चोळत. त्या तेलाचा वास पावसाळाभर कोळीवाड्यात भरून राही. तेल पिऊन लाकूड काळसर होई आणि पाण्याला दाद देईनासे होई. कोरडे पडलेले लाकूड आक्रसून सांधे उघडू नयेत म्हणून वर झापांचे छप्पर लागे. त्याने मुसळधार पाऊसही अडे आणि श्रावणातले मधूनमधून पडणारे कडक ऊनही. जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात, मुख्यतः ऐनाच्या सालीच्या, बुडवून रंगवीत. सालीतल्या तुरट द्रव्याने सूत कुजत नसे. शिडे उसवून नव्याने शिवणे, दोर वळणे, जाळ्यांची भोके विणून काढणे ही कामे पावसाची झड लागली असता घरात होत आणि त्यांत बायकामुलांचा वाटा मोठा असे. सुतार मात्र बाहेरून बोलवावा लागे आणि आषाढात सगळ्यांना तो एकदमच हवा असे.

श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नाव पुन्हा पाण्यात लोटली जाई. नारळी पौर्णिमेपर्यंत पाऊस संपत नाही, पण वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. त्यानंतरही जाणता तांडेल पहिले काही दिवस किनाऱ्याजवळच राही. सणाने मुहूर्त दिला तरी समुद्राचा रंग पाहून निर्णय घेण्याचा अधिकार त्याचाच असे.

राज्याच्या आरमारालाही हाच ऋतू पाळावा लागे. शिवाजी महाराजांनी 1650 च्या दशकाच्या अखेरीस कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली, तेव्हा ती पावसाळ्यात कोठे ठेवायची हा प्रश्न जहाजांबरोबरच आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 18व्या शतकाच्या आरंभी, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पावसाळी छावणीचा विचार तपशिलाने केला आहे. आरमार पावसापूर्वी किल्ल्याच्या आश्रयाला सुरक्षित बंदरात आणावे, पण दरसाल एकाच बंदरात छावणी करू नये, कारण खलाशी आणि शिपाई यांचा भार एकाच भागातल्या रयतेवर पडतो. लाकडाबाबतही असाच विवेक आहे. परवानगीने साग वगैरे तोडावा, परंतु रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती मुलांसारखी वाढवलेली असतात. डागडुजीच्या लाकडासाठी रयतेच्या परसाकडे वळणाऱ्या अधिकाऱ्याचा हात राज्यकर्त्याने आधीच धरून ठेवावा, हे आज वाचतानाही मोठे वाटते.

विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते. ती सुमारे 350 फूट लांब आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि पाणी ओसरले की कोरड्या जागी त्याच्या तळाची दुरुस्ती करायची, अशी तिची योजना. किल्ल्याच्या तटबंदीइतकीच ही गोदीही आरमाराच्या शक्तीचा भाग होती. तळ साफ नसलेले गलबत पाठलागात मागे पडते आणि पळतानाही मागेच पडते.

मुंबईत इंग्रजांनी 1750 मध्ये कोरडी गोदी बांधली. त्यापूर्वी, 1736 मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले होते आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकभराहून अधिक काळ तेथे जहाजे बांधली. त्यांचे 1817 साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. सागाचे लाकूड आणि नियमित निगा यांची जोडी जमली तर नाव किती टिकते, याचा हा पुरावा 200 वर्षांहून जुना आहे.

विदर्भात हे सगळे उलटते. कन्हान छिंदवाड्याच्या सातपुड्यातून निघून सावनेर तालुक्यात खाप्यावरून वाहते आणि कामठीच्या अलीकडे तिला पेंच व कोलार मिळतात. या नद्या उन्हाळ्यात पायी ओलांडता येतात. वाळूच्या विस्तीर्ण पात्रात एक बारीक धार उरते, मधूनमधून डोह राहतात आणि बैलगाडी सरळ पलीकडे जाते. नावेची गरज पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनतीन महिन्यांत पडे. अशा पाण्यात शीड कामाचे नाही. प्रवाह जोराचा, पात्र मर्यादित आणि अंतर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे. वल्हे, लांब बांबू आणि पाण्याचा कल ओळखणारा नावाडी एवढे पुरे.

डोंगा म्हणजे मुळात एकाच झाडाचे खोड कोरून केलेली नाव. नंतर फळ्यांच्या नावांनाही तोच शब्द लागू झाला. गडचिरोलीच्या बाजूला इंद्रावती आणि प्राणहितेच्या काठी कोरीव डोंगे अलीकडेपर्यंत सर्रास वापरात होते. अधिक माणसे किंवा माल न्यायचा तर दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून घेत, म्हणजे ते कलंडत नसत. त्यांचा शत्रू किडा नव्हता, ऊन होते. वैशाखात पारा 45 अंशांच्या वर चढणाऱ्या मुलखात कोरडा पडलेला डोंगा तडकून निकामी होतो. त्यावरचा उपाय म्हणजे डोंग्यात पाणी भरून तो डोहात किंवा तळ्यात बुडवून ठेवायचा आणि पाऊस आला की वर काढायचा. कोकणात ज्या नावेला जपण्यासाठी पाण्याबाहेर काढत, तिला येथे जपण्यासाठी पाण्याखाली ठेवत.

नाव चालवण्याचा हा धंदा ढिवर आणि केवट समाजांचा. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरील ग्रंथात ढिवरांच्या पोटशाखांची जी नावे नोंदवली आहेत त्यांत कोणी शिंगाडे लावणारे, कोणी झिंगे पकडणारे, कोणी गळाने मासे मारणारे, कोणी नदीकाठी राहणारे आहेत. पाण्याच्या एवढ्या बारीक वाटण्या असलेला समाज केवळ ‘मासेमार’ या एका शब्दात मावत नाही.

इंग्रजी अमलात नावघाट सरकारी उत्पन्नाची बाब झाले. 1878 चा उत्तर हिंदुस्थान नावघाट कायदा मध्य प्रांतालाही लागू होता आणि त्याखाली सार्वजनिक घाटांचे लिलाव होत. पिढीजात घाट चालवणाऱ्याला आता ठेका घ्यावा लागे किंवा ठेकेदाराकडे मजुरी करावी लागे. त्याआधीच, 1867 मध्ये, रेल्वे नागपूरला पोहोचली होती. पुढे कामठीजवळ कन्हानवर पूल झाले, 20व्या शतकाच्या आरंभी नागपूर-छिंदवाडा अरुंदमापी लोहमार्ग सावनेरवरून गेला आणि पुलांबरोबर मोठे घाट एकेक करून बंद पडले. लहान गावांचे घाट मात्र बरीच वर्षे टिकले.

नद्यांवर काम घटले तेव्हा ढिवरांना तलावांचा आधार होता. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने व गावांची मालकी असलेल्या मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. नवेगाव बांध हा त्यांतला प्रसिद्ध. या तलावांत डोंगा प्रवासासाठी नसून जाळी टाकण्यासाठी आणि शिंगाडे तोडण्यासाठी असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, पुढच्या वर्षी तलाव सरकारकडे गेले आणि मासेमारीचे हक्क हळूहळू सहकारी संस्थांकडे आले. तलावाचे पाणी उन्हाळ्यात आटत जाते, त्याबरोबर डोंग्याची फेरीही आखडते. तेथे विसावा एकदम येत नाही, हळूहळू उतरतो.

पेंचवरच्या धरणांनी नागपूरच्या उत्तरेला असे पाणी निर्माण केले की ज्यावर नाव बारमाही चालू शकते. 1970 च्या दशकात नवेगाव खैरी आणि पुढे तोतलाडोह येथे जलाशय झाले. गावे उठली आणि जमीन गेलेल्या काही कुटुंबांनी नव्या पाण्यात मासेमारी धरली. पण तोतलाडोहचा जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध आहे. मध्य प्रदेशाने विस्थापितांना दिलेल्या 305 परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1997 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द न करता त्यांवर कडक अटी घातल्या. ओळखपत्र बाळगावे, ठरलेल्या वाटेनेच यावे, आग पेटवू नये. विस्थापितांचा पोटाचा प्रश्न आणि जंगलाचे रक्षण या दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून तो वाद इतका अवघड होता.

अशा मोठ्या पाण्यावर नाव केवळ पोटासाठीच असते असे नाही. गोड्या पाण्याच्या मोठ्या सरोवरांत शिडाची नाव कुटुंबाच्या विरंगुळ्यासाठी बाळगण्याची रीत थंड उत्तरेकडील देशांत रुजली. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांवर तिचा विसावा हिवाळ्यात येतो. पाणी गोठण्यापूर्वी बोट बाहेर काढतात, इंजिन आणि नळ्यांतले पाणी काढून टाकतात, कारण आत राहिलेले पाणी गोठून फुगते आणि धातू फोडते. मग बोट झाकून ठेवतात आणि वसंतात तळ रंगवून पुन्हा उतरवतात. विदर्भात मात्र शीड आले ते विरंगुळ्याच्या नव्हे, शिक्षणाच्या वाटेने. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेचे छात्र नागपूरच्या अंबाझरी तलावावर वल्ही आणि शिडे चालवायला शिकतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या मुलांनी वाऱ्याकडे पाठ, बगल आणि तोंड करून नाव कशी न्यायची हे तेथे आत्मसात करावे, ही फार चांगली गोष्ट आहे.

किनाऱ्यावर स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत सरकारी कर्ज आणि सहकारी संस्थांच्या साहाय्याने होड्यांना इंजिने बसू लागली आणि शिडे वेगाने मागे पडली. पाठोपाठ नायलॉनची जाळी आली, तेव्हा सालीच्या काढ्याची गरज संपली. फायबरच्या होड्या आल्या, त्यांना किडा लागत नाही आणि त्या उन्हाने तडकत नाहीत. फुटलेल्या जागी राळ आणि काचतंतूचे कापड लावले की काम होते. इंजिनाच्या जोरावर पावसातही बाहेर जाता येऊ लागले. माशांच्या विणीच्या हंगामात जाळी पडू लागली, म्हणून जुना विसावा कायद्याने परत आणावा लागला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे आणि सध्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दिवसांत नौका गोदीत किंवा खाडीत उभ्या असतात आणि इंजिन उघडणे, पंखा तपासणे, तळाला रंग देणे ही कामे उरकली जातात. बंदी उठण्याची तारीख सहसा नारळी पौर्णिमेच्या आधी येते, तरी अनेक कोळीवाड्यांत नौका समुद्रात लोटण्यापूर्वी सणाची वाट पाहिली जाते.