गंगा कालवा आणि आरोग्य परिणाम मूल्यांकनाची पूर्वपीठिका (१८४५-१८५४)

प्रस्तावना :

एखादे सार्वजनिक धोरण वा प्रकल्प अमलात येण्यापूर्वी त्याचा लोकांच्या आरोग्यावर कोणता परिणाम होईल याचा पद्धतशीर अंदाज घेणे, म्हणजे आरोग्य परिणाम मूल्यांकन होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गॉथेनबर्ग मसुद्यामुळे ही संकल्पना रूढ झाली. त्यामुळे ती विसाव्या शतकाच्या अखेरची निर्मिती मानली जाते. परंतु असे मूल्यांकन कसे आखावे, हा प्रश्न उत्तर भारतात त्यापूर्वी दीडशे वर्षे उभा राहिला होता. प्रस्तुत निबंधात त्या प्रसंगाचा विचार केला आहे.

कर्नालचा अनुभव :

यमुनेचा पश्चिम कालवा मूळचा फिरोजशाह तुघलकाच्या काळातील. कंपनी सरकारने १८१७ पासून त्याची दुरुस्ती हाती घेतली. जुन्या आखणीत पावसाच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटांचा विचार झालेला नव्हता. कालव्याचे भराव त्या वाटांना आडवे आले आणि ठिकठिकाणी पाणी साचून दलदल झाली. कर्नालची लष्करी छावणी तापाच्या साथींनी जर्जर होऊन १८४३ च्या सुमारास सोडून द्यावी लागली. याच काळात प्रॉबी कॉटली यांच्या आराखड्यानुसार हरिद्वारपासून गंगेचा कालवा काढण्याचे काम सुरू झाले होते. १८३७-३८ चा दुष्काळ ताजा असल्याने पाण्याची निकड वादातीत होती. मात्र कर्नालचे जे झाले तेच दुआबाचे होईल काय, ही शंका बळावली. ती सरकारदरबारी ऐकली गेली यामागे रयतेच्या तापापेक्षा पलटणींच्या तापाचा वाटा मोठा असावा.

समितीची कार्यपद्धती :

१८४५ मध्ये सरकारने मेजर बेकर, शल्यचिकित्सक डेम्प्स्टर आणि लेफ्टनंट हेन्री यूल यांची समिती नेमली. दोन अभियंते आणि एक वैद्य अशी ही रचना होती. (यूल पुढे मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचे संपादक म्हणून प्रसिद्ध झाले.) समितीपुढे दोन प्रश्न होते : जुन्या कालव्यालगतच्या रोगटपणाचे कारण काय, आणि नियोजित कालव्यामुळे तसेच घडेल काय?

खरी अडचण मोजमापाची होती. गावांत जन्ममृत्यूची नोंद नव्हती. ताप ऋतूनुसार येतो व जातो. तपासणीच्या दिवशी तो आढळेलच असे नाही. डेम्प्स्टर यांनी यावर उपाय शोधला. वारंवार हिवताप आलेल्या माणसाची प्लीहा वाढते आणि ती पोटावर हात ठेवून चाचपता येते. गावोगाव लोकांची अशी तपासणी करून प्लीहा वाढलेल्यांचे प्रमाण काढण्यात आले. कालव्यालगतच्या गावांची तुलना दूरच्या गावांशी करण्यात आली. जमिनीचा प्रकार व पाण्याचा निचरा यांचीही सांगड घालण्यात आली. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केला तो १८९७ मध्ये. समितीचा विश्वास दूषित हवेच्या सिद्धांतावर होता. कारणाचे ज्ञान चुकीचे असूनही जोखमीची जागा तिने अचूक ओळखली, हे या पद्धतीचे बळ होय.

शिफारशी आणि अंमलबजावणी :

१८४७ च्या अहवालाने कालव्यास सरसकट दोषी ठरवले नाही. चिकण जमीन आणि अडलेला निचरा एकत्र आले तेथे रोगटपणा अधिक, निचऱ्याच्या रेताड जमिनीत तो कमी, असे आढळले. म्हणून कालवा जलविभाजक उंचवट्यावरून न्यावा, पाण्याची पातळी शक्यतो जमिनीखाली ठेवावी, नैसर्गिक प्रवाह अडवू नयेत आणि मोठ्या वस्त्यांलगत सिंचन करू नये, असे सुचवण्यात आले. आजच्या परिभाषेत ही सशर्त मंजुरी होती.

एप्रिल १८५४ मध्ये कालवा सुरू झाला. परंतु पाणी विकून सरकारला महसूल मिळत असे. निचऱ्याच्या चरांतून काहीच मिळत नसे. चरांची कामे मागाहून, रेंगाळत झाली. पुढील दशकांत बुलंदशहर, मुझफ्फरनगर या जिल्ह्यांतून पाणथळ जमिनीच्या व तापाच्या तक्रारी येत राहिल्या. मूल्यांकनाच्या आखणीतच शिफारशींचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बांधून घेतलेला नव्हता, हे त्यातील मोठे न्यून म्हणावे लागेल. दुसरे न्यून असे की, ज्यांच्या पोटावर हात ठेवून आकडे मिळवले त्या गावकऱ्यांना निर्णयात स्थान नव्हते. गॉथेनबर्ग मसुदा लोकशाही व समता ही मूल्ये पुरावा वापरण्याच्या नैतिकतेबरोबरच मांडतो. भारताच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, पण आरोग्याचे असे स्वतंत्र मूल्यांकन सर्व प्रकल्पांना बंधनकारक नाही.

यमुनेच्या जुन्या पश्चिम कालव्याची आखणी बदलून निचऱ्याची कामे करण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.