अमेरिकेचा डॉलर, आपला रुपया

तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचा एखादा जुना चांदीचा रुपया असेल, तर तो एकदा चष्मा लावून नीट पाहा. एका बाजूला मुकुटधारी पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला १९१८ किंवा १९१९ हे साल असेल, तर त्यातली चांदी अमेरिकेतून आलेली असण्याचा संभव बराच मोठा आहे. तीही खाणीतून थेट आलेली नव्हे. अमेरिकेने टांकसाळीत पाडलेले, थैल्यांत भरून तिजोरीत ठेवलेले डॉलर आटवून काढलेली चांदी!

मी मुकुंदवाडीत राहतो आणि गेली पंचवीस वर्षे जुनी नाणी जमवतो. मुकुंदवाडी हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव. आता एका अंगाला सिडको, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची एमआयडीसी. जालना, बीड, परभणीकडची माणसे इथे कामाला आली आणि इथलीच झाली. गावाकडचे घर वाटणीत निघाले की आजीच्या पेटीतली, फडक्यात बांधलेली नाणी त्यांच्याबरोबर इकडे येतात. मग कुणीतरी माझ्याकडे घेऊन येतो आणि विचारतो, ‘काका, याचे किती येतील?’ श्रोतेहो, प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

पहिले महायुद्ध चालू होते. हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी अशा मालाची जहाजे भरून जात होती आणि त्याचे पैसे इथे रुपयांत चुकते करावे लागत होते. मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी सैनिकांचा पगारही रुपयांतच. हाती आलेला रुपया शेतकरी पेढीत ठेवत नसे, तो मडक्यात जाई. त्यातच चांदी इतकी महागली, की रुपया चलनात ठेवण्यापेक्षा आटवणे फायद्याचे ठरू लागले. १९१७ साली सरकारने नाणी आटवण्यावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, आणि जानेवारी १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. लोकांचा कागदावर विश्वास बसेना. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी फ्रान्सच्या आघाडीवर मुसंडी मारल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबईत नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची झुंबड उडाली. सरकारी खजिन्यातली चांदी तळाला गेली. नोटेच्या बदल्यात रुपया देता आला नाही, तर सरकारची पत संपली, हे दिल्लीला आणि लंडनला पुरते कळले होते.

जगात तेवढी चांदी एकाच ठिकाणी पडून होती, अमेरिकेच्या तिजोरीत. नेवाडा या खाणींच्या राज्याचे सिनेटर की पिटमन यांनी मांडलेला कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी मंजूर झाला आणि पस्तीस कोटींपर्यंत डॉलर आटवायची मुभा मिळाली. प्रत्यक्षात सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर मुशीत गेले. त्यातल्या सुमारे सव्वीस कोटी डॉलरांची चांदी औंसाला एक डॉलर या भावाने ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली गेली. अमेरिकेच्या एका डॉलरात आपल्या सव्वादोन रुपयांची चांदी असे. म्हणजे हिशेबाने साधारण अठ्ठावन्न कोटी रुपयांचा ऐवज झाला. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी १९१८ आणि १९१९ या दोन सालांचे मिळून पंच्याऐंशी कोटी रुपये पाडले.

आटवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे डॉलर गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. युद्धात ही उसंत कुणाला असणार? पण तिकडच्या संग्राहकांना या एका चुकलेल्या नोंदीने पुढे पन्नास वर्षे छळले. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीने १९०३ साली साडेचव्वेचाळीस लाख डॉलर पाडले होते. नवा कोरा नमुना मात्र कुठे दिसेना. सगळे आपल्या रुपयांत विरघळले असावेत, असे जाणकारांनी धरून टाकले. १९६२ पर्यंत अशा कोऱ्या नाण्याची छापील किंमत दीड हजार डॉलरवर गेली होती. त्या वर्षाअखेर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली जुनी कोठारे उघडली आणि आतून १९०३ च्या कोऱ्या डॉलरांच्या थैल्याच्या थैल्या बाहेर पडल्या! किंमत बघता बघता कोसळली. नाणे तेच, चांदी तीच. फक्त किती उरली आहेत, याचा अंदाज बदलला.

हीच गोष्ट आपल्या रुपयाला लावून पाहू. १९१८-१९ चा रुपया शंभरी ओलांडलेला, पण घरोघर आढळणारा. त्याला चांदीच्या भावाहून फार काही मिळत नाही. त्यापुढे १९२२ साली मुंबईने जेमतेम वीस लाख रुपये पाडले. तो रुपया आला की आम्ही सावरून बसतो. १९११ च्या रुपयाची तर गंमतच झाली. बादशहाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना ते डुक्कर वाटले. ओरड झाली. चौऱ्याण्णव लाखांपैकी सात लाखांच्या आसपास रुपये बाहेर गेले होते, बाकीचे सरकारने आटवून टाकले. १९३९ चा मुंबईचा रुपया त्याहून दुर्मीळ, आणि म्हणून त्याच्या नकलाही फार. मुंबईची खूण माहीत असू द्या. सालाच्या बाजूला खालच्या कमळाखाली मोहरीएवढा ठिपका असतो. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो.

मराठवाड्यात मात्र या रुपयाला ‘कलदार’ म्हणत आणि तो परका मानत. इथे निजामाचे राज्य, चलनही निजामाचे, हाली सिक्का. मुकुंदवाडीवरून जाणारा लोहमार्ग मनमाडला इंग्रजी मुलखात शिरे आणि तिथे हाली देऊन कलदार घ्यावा लागे. शंभर कलदारांना एकशेसोळा-सतरा हाली. हा दर आला कुठून? कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. आपला ‘रुपयाभार’ हा शब्द त्यातूनच आला. त्यात चांदी शेकडा ९१.७. हाली ११.१८ ग्रॅमचा, चांदी शेकडा ८१.८. दोन्हींतली शुद्ध चांदी काढून भागाकार करा, उत्तर तेच येते. आपले पणजोबा शाळेत गेले नसतील, पण कस त्यांना कळत होता.

हाली रुपयावर चारमिनार आहे आणि त्याच्या कमानीत एक अक्षर. महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’, उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. उस्मान अली १९११ च्या ऑगस्टमध्ये गादीवर आले. त्यांच्या पहिल्या नाण्यांवर, म्हणजे हिजरी १३२९ आणि १३३० मध्ये, हे ऐन आखूड आहे. नंतर ते पूर्ण झाले. आखूड ऐनचा रुपया शोधत हैदराबादहून माणसे येतात. ज्याच्या घरी तो आहे, त्याला बहुधा पत्ताच नसतो. १९५० च्या दशकात हाली चलनातून गेला आणि तेव्हापासून तो सराफाच्या दृष्टीने फक्त मोड.

आता किमतीचे. नाण्याचे वय पाहू नका, आधी त्याचा चेहरा पाहा. दाढीचे केस, मुकुटाची नक्षी शाबूत असेल तर त्याच सालाच्या नाण्याला कितीतरी पट मोल येते. आपण दर दिवाळीला चिंचेने, राखेने घासून बादशहाचे नाकच नाहीसे करतो. पूजा हळदकुंकवाने होते. घासलेच पाहिजे, असे कुठल्याही पोथीत नाही. गळ्यात घालायला कडी डाखली असेल, तर संग्राहक ते नाणे बाजूला ठेवतो. पण तांड्यावरच्या एखाद्या आजीच्या गळ्यातली ती माळ तशीच राहावी असे मला वाटते, तिचे मोल वेगळे आहे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून फोन करणाऱ्यांच्या नादी लागू नका. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये यापासून सावध केले आहे. आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी धाडता येत नाही. जमिनीत गुप्तधन सापडले, तर ते आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते.

२०२५ मध्ये चांदी किलोला लाखावर गेली. त्या भावाने एका हालीतली चांदी नऊशेची, कलदारातली हजाराच्या वरची. त्या वर्षी गावोगावच्या सराफांकडे मोडीची रीघ लागली. आमच्याकडच्या एका दुकानात एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी चाळीस हाली घेऊन आले होते. सराफ ओळखीचा, त्याने मला निरोप धाडला. मी भिंग घेऊन बसलो. अडतीस साधे निघाले, दोन आखूड ऐनचे. त्या दोघांचे मी मोडीच्या भावाच्या कितीतरी वर पैसे दिले आणि का दिले तेही त्यांना दाखवले. त्यांनी दोन्ही नाणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, मग माझ्या हातावर ठेवली. बाकीची घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि त्यांना घाई होती. सराफ काटा लावेपर्यंत मी एकेका नाण्याचे साल वाचत गेलो आणि त्याच्या पोराने ते माझ्या वहीत उतरवले. सर्वांत जुने हिजरी १३२१ चे होते, महबूब अलींच्या काळातले. संध्याकाळी मूस तापली.