सदाफुलीचा हिशेब

नाशिकच्या अंगणांत बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीची पाने इतकी कडू की गुरेही तोंड लावत नाहीत. याच पानांत व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे असतात. पण एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. गवताच्या गंजीतून टाचणी वेचण्याचा हा उद्योग आपल्याकडे मार्गी लावला तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांनी. अशा रसायनशास्त्रज्ञाचे मोल शोधनिबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून ठरवणे मला अपुरे वाटते.

यावरचा आक्षेप ठरलेला: रेणू परक्यांचा, आपण केली ती नक्कल. 1970 च्या कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तो बनवण्याच्या रीतीलाच पेटंट दिले, हे खरे. पण रीत आयती मिळत नाही. एड्सवरचे झिडोव्हुडिन घ्या. थायमिडिनमधला एक हायड्रॉक्सिल गट काढून त्याच बाजूला अझाइड बसवायचा. थेट अदलाबदल केली तर तो उलट्या बाजूला जातो, म्हणून कार्बनाची रचना दोनदा उलटवावी लागते. पुढे हैदराबादच्या एका रसायन-संशोधन संस्थेचे संचालक असताना रामारावांनी हे काम कारखान्याला पेलेल असे बसवले आणि 'सिप्ला'ने औषध बाजारात आणले. 2001 मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला. त्यात झिडोव्हुडिन नव्हते, तेव्हा ते श्रेय रामारावांच्या पदरात टाकणे चूकच. मात्र असले रेणू इथे बनतात हा भरवसा आधीच रुजला होता, आणि त्याची नोंद कुठल्याही संदर्भसूचीत सापडत नाही.