पत्ता उघड, नाव गुप्त

दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट शोधायचा कसा, हा प्रश्न अशा गटांइतकाच जुना आहे. जिथे कोणी पूर्ण नाव सांगत नाही, तिथवर गरजू माणसाने पोहोचायचे कसे? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., या संघटनेचा इतिहास हा बराचसा या पेचातून वाट काढण्याचा इतिहास आहे.

अमेरिकेत तिच्याआधी एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. 1840 साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनियन चळवळ सुरू झाली. सभेत उभे राहून आपली कहाणी सांगण्याची त्यांची रीत होती. त्यांना शोधावे लागत नसे. मिरवणुका आणि जाहीर सभा गावोगाव होत. पण वक्ते प्रसिद्धीस चढले आणि जॉन गफसारखा गाजलेला वक्ता 1845 मध्ये पुन्हा दारूच्या आहारी गेला, तेव्हा त्याचा गवगवाही तेवढाच झाला. त्यातच चळवळ दारूबंदीच्या वादांत ओढली गेली आणि लवकरच विरून गेली. पुढे ए. ए.चे नियम घडवताना तिचे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्यासमोर हे उदाहरण होते.

विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले. डिसेंबर 1934 मध्ये त्यांची दारू सुटली होती. मे 1935 मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी एक व्यवहार फसला आणि मेफ्लॉवर हॉटेलात ते एकटे उरले. लॉबीच्या एका बाजूला बारमधला गलबला ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. त्यांनी यादीतल्या एका धर्मगुरूंना फोन लावला. त्यांच्याकडून मिळालेल्या नावांवरून शोध घेत ते हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत पोहोचले. मागणी एकच होती: दारूपायी हैराण झालेल्या एखाद्या माणसाशी बोलायचे आहे. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ आले, तेही पंधराच मिनिटे थांबण्याच्या बोलीवर. प्रत्यक्षात उठले रात्री अकरानंतर. विल्सननी उपदेश केला नाही, स्वतःची हकीकत सांगितली. साऱ्या चळवळीचे मर्म या भेटीत आहे. 10 जून 1935 हा डॉ. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतल्याचा दिवस, आणि तोच संघटनेचा स्थापनादिन मानतात. मग दोघांनी अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलात चौकशी करून दारूपायी दाखल झालेला एक वकील गाठला. तो तिसरा सदस्य. त्या काळी रुग्णाला गट शोधावा लागत नव्हता, सदस्यच त्याच्या खाटेपाशी जात.

हे सगळीकडे शक्य नव्हते. म्हणून 1939 मध्ये बारा पायऱ्या सांगणारे पुस्तक निघाले, तेव्हा त्यात न्यूयॉर्कच्या टपालपेटीचा पत्ता दिला. त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’मध्ये लेखमाला आली आणि मूठभर सदस्यांवर शेकडो विचारणा कोसळल्या. काही आठवड्यांपूर्वी आलेल्याने आज आलेल्याला सांभाळायचे, अशी पाळी आली. नवख्याला एक अनुभवी सोबती, म्हणजे स्पॉन्सर, देण्याची पद्धत तिथे पक्की झाली. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ने जॅक अलेक्झांडर यांचा लेख छापला. सुमारे 2,000 असलेली सदस्यसंख्या वर्षअखेर 8,000 च्या घरात गेली.

नावे सुरुवातीला लपवली ती नोकरी जाईल, लोक नावे ठेवतील या भीतीने. पुढे त्याचे तत्त्व झाले. 1950 मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनाने स्वीकारलेल्या बारा परंपरांनुसार वृत्तपत्रांत वा रेडिओवर सदस्याचे नाव येत नाही, बाहेरची देणगी घेतली जात नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. सभेची जागा आणि वेळ मात्र खुशाल जाहीर करतात. ही तोड अतिशय शहाणपणाची ठरली. 1951 मध्ये बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभी राहिली. बायकांचे दुःख एवढ्या उशिरा विचारात घेतले गेले, हे नोंदवायलाच हवे.

भारतात ए. ए.चे काम 1957 मध्ये सुरू झाले. तेव्हा मुंबई राज्यात 1949 च्या कायद्याने दारूबंदी होती. मी पितो, असे चारचौघांत म्हणणे ही निव्वळ लाजेची बाब नव्हती, गुन्ह्याची कबुलीही ठरू शकत होती. नाव न विचारणाऱ्या खोलीचे मोल तिथे वेगळेच होते. मराठी कुटुंबांच्या ओळखीची झालेली वाट पुण्यातून गेली. लेखक अनिल अवचट यांचे गर्द या अमली पदार्थाविषयीचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे दारूचे रुग्णही येऊ लागले. निवासी उपचार संपले की माणूस पुन्हा त्याच गल्लीत, त्याच मित्रांत जातो. म्हणून घरी गेल्यावरही पाठपुरावा आणि गटसभा चालू राहतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे.

ए. ए.च्या सभा दोन प्रकारच्या असतात. ‘खुल्या’ सभेला घरचे, डॉक्टर, कोणीही बसू शकते. ‘बंद’ सभा फक्त व्यसनाशी झगडणाऱ्यांची. चाचपडणाऱ्या माणसाला बायको किंवा भाऊ बऱ्याचदा आधी खुल्या सभेला घेऊन येतो. 2020 च्या टाळेबंदीत सभा व्हिडिओ कॉलवर भरू लागल्या. गावात गट नसलेल्यांना आणि परदेशातल्या मराठी माणसांनाही त्यामुळे आपल्या भाषेत बोलण्याची सोय झाली.