शांतिनिकेतनातील जुदो

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०५ च्या सुमारास जिन्नोसुके सानो या जपानी शिक्षकाला जुजुत्सू, म्हणजे शस्त्राविना झुंजण्याची जुनी जपानी विद्या, शिकवण्यासाठी शांतिनिकेतनात आणले. मात्र त्या शिक्षणाला शिस्तबद्ध रूप मिळाले ते १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी आल्यावर. ताकागाकी हे टोकियोच्या कोडोकानचे, म्हणजे जिगोरो कानो यांनी जुजुत्सूमधून जुदो घडवून १८८२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे, शिष्य होते. जुदोत प्रतिस्पर्ध्याला फेकण्याआधी स्वतः पडायला शिकावे लागते: हनुवटी छातीशी ओढून, पाठ गोलाकार ठेवून, जमिनीला टेकण्याच्या क्षणी तळवा व बाहू सपाट आपटला की धक्का विभागला जातो आणि डोके वाचते. या तंत्रास ‘उकेमी’ म्हणतात. हे शिक्षण मुलींनाही दिले गेले, आणि त्या काळातील स्त्रीजीवनावरची बंधने ध्यानात घेता हीच या प्रयोगातील सर्वांत मोलाची बाब मानली पाहिजे. १९३१ मध्ये विद्यार्थ्यांनी कोलकात्यात जाहीर प्रात्यक्षिके केली. रवींद्रनाथांची इच्छा असूनही, पैशाअभावी ताकागाकींचा मुक्काम लांबवता आला नाही.