छंद, व्यसन आणि सडवा

मागच्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याचे दीर्घ ई-पत्र आले. लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा अभियंता होऊन अमेरिकेत स्थिरावला आहे. पत्रात त्याने आपल्या आठवड्याचा हिशेबच मांडला होता. तीन दिवस व्यायामशाळा, रोज अर्धा तास जर्मन, आणि महिन्यातला एखादा शनिवार घरी केलेली बियर बाटल्यांत भरण्यासाठी. बियर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. उरलेले यीस्ट ती साखर खाते आणि बंद बाटलीत वायू तयार होऊन पेयाला फेस येतो. पण आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बूच लावले, तर बाटली फुटते. ‘व्यायाम एक दिवस बुडाला तर चालतो, जर्मन बुडाली तरी चालते, यीस्ट मात्र कोणासाठी थांबत नाही,’ असे त्याने गमतीने लिहिले होते. शेवटी एक प्रश्न होता. बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी त्याला मराठी शब्द हवा होता. ‘सर, आमच्या घरचा मला एकच शब्द आठवतो, सडवा. तो कसा लिहू?’

या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊ शकलो नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते पेयाच्या इतिहासाइतकेच आपल्या भाषेच्या इतिहासाचेही आहे.

सुरुवात ‘छंद’ या शब्दापासून करू. संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, मनाची आवड, आणि ‘छन्दस्’ म्हणजे वृत्त. मराठीत येता येता दोन्ही एकाच उच्चारात मिसळले. म्हणून आपण वर्गात छंदःशास्त्र शिकवतो आणि निबंधाला ‘माझा छंद’ हा विषयही देतो. ‘व्यसन’ या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेचा. संस्कृतात त्याचे अर्थ संकट, आसक्ती, दुर्गुण असे अनेक. पण विद्येची आसक्ती असेल तर तेच व्यसन भूषण ठरते. म्हणजे कृती कोणती आहे यापेक्षा ती कोण करतो, कशासाठी करतो आणि तिला कोण नाव देतो, यावर तिचा छंद होणार की व्यसन, हे ठरत आले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. मद्यनिर्मितीवर राज्याची कडक देखरेख सांगणारे हे प्रकरण कुटुंबवत्सल गृहस्थाला मात्र विशेष प्रसंगी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा देते. आज आपण ‘किण्वन’ ही शास्त्रीय संज्ञा वापरतो, तिच्यातले ‘किण्व’ त्याच प्रकरणात आंबवण्याचे द्रव्य म्हणून येते. घर आणि राज्य यांच्यातली ही ओढाताण अशी पुरातन आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मिळालेली मुभा मात्र अलीकडची. ब्रिटनमध्ये घरी बियर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बियर करमुक्त केली: एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. येथे एक भेद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ही सवलत आंबवलेल्या पेयाला होती. वाफेवर गाळलेल्या दारूला त्या कायद्याने कोणतीही मोकळीक दिली नाही. त्यामुळे त्याची बियर आणि त्याच्या गावची मोहाची यांची बरोबरी सरळसोट करता येत नाही. तरी गाळण्याच्या आधीची पायरी, आंबवण्याची, दोन्हीकडे एकच आहे. माझे कुतूहल त्या पायरीच्या नावाविषयी आहे.

फाल्गुन-चैत्रात झाडीपट्टीतले मोहाचे झाड फुलते. मांसल, फिकट पिवळी फुले रात्रीपासून गळू लागतात आणि भल्या पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. ‘मोह’ हा संस्कृत ‘मधूक’ शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज. भुरळ या अर्थाच्या ‘मोहा’शी त्याचे व्युत्पत्तीचे नाते नाही, पण कानाला ते वेगळे करता येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्याच्या नावातही हे झाड ऐकू येते. वाळलेले फूल भाजून खातात, शिजवून खातात, गुरांनाही घालतात. बियांचे तेल निघते. धानाचे पीक हुकले की याच फुलाने अनेक घरे तगवली आहेत. आणि याच फुलात साखर भरपूर असल्याने ते पाण्यात भिजत घातले की काही दिवसांत आंबते. त्या आंबवणाला भट्टीवर चढवले की दारू गळते. पहिल्यांदा गळते ती सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार आपण साहित्यसमीक्षेतही सहज वापरतो. तो कुठून आला, हे मात्र आठवत नाही.

या आंबवणाला म्हणतात सडवा. हातभट्टीवरच्या छाप्याची बातमी वाचावी, तर अमुक किलो ‘मोहफुलाचा सडवा’ नष्ट केल्याचे वाक्य ठरलेले असते. मराठीत आंबवण्यासाठी शब्दांची वाण नाही. इडलीचे पीठ आंबते, आंबील आंबते, दूध विरजते. लोणचे तर मुरते, आणि माणूसही मुरतो. मोहाचे फूल तेवढे सडते. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बियरवर एक ग्रंथच लिहिला. आंबणे हे सूक्ष्म जीवांचे कार्य आहे, आणि पेय चांगले उतरते की बिघडते हे त्यात कोणते जीव शिरले यावर अवलंबून असते, हे त्याने दाखवले. म्हणजे विज्ञानाच्या लेखी इडलीचे पीठ, जर्मन बियर आणि मोहफुलाचे पाणी एकाच कुळातले. भाषेच्या लेखी मात्र नाही. सडवा हा शब्द प्रथम लोकांच्या तोंडी होता की सरकारी कागदावर, याचा निर्णय मी करत नाही. त्यातला निवाडा मात्र कागदाला फार सोयीचा पडला.

तो कागद कसा तयार होत गेला, हे थोडक्यात पाहू. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात ‘म्होवरा अ‍ॅक्ट’ झाला. ठाणे-कुलाब्याकडच्या गावांत लोक घरीच दारू गाळतात आणि अबकारीचे उत्पन्न बुडते, म्हणून फुलावरच निर्बंध आले. दारू हा गुन्हा ठरवण्याच्या पुढे जाऊन झाडाचे फूलच संशयित झाले. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून तो कायदा इथला नव्हता. पण मध्यप्रांतातही मोहाची दारू हे अबकारी उत्पन्नाचे मुख्य साधन होते. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्तेदाराला मिळे, आणि ज्याच्या बांधावर झाड तो गुन्हेगार ठरे. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथवर पोचला. त्याचे कलम ६५ मोठे वाचनीय आहे. दारू तयार करणे, ती बाटलीत भरणे, तिचे साहित्य व भांडी बाळगणे या कृती ते एकेक करून मोजते. माझ्या विद्यार्थ्याचा अख्खा शनिवार त्या कलमाच्या पोटकलमांत मावतो.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध सैल केले. २०२२ मध्ये मोहफुले, काजूबोंडे यांपासून होणाऱ्या मद्याला ‘देशी’ वर्गातून काढून ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. झाडीच्या झाडाचे फूल, झाडीचे पाणी, आणि दर्जा विदेशी! हेतू उद्योगाला चालना देण्याचा होता, हे मान्य. पण सीलबंद बाटलीत शिरल्यावरच ज्याला प्रतिष्ठा मिळते ते पेय, आणि परदेशी नाव मिळाल्यावरच जिला प्रतिष्ठा मिळते ती बोली, यांची कहाणी फार वेगळी नाही.

बोलीचा विषय निघालाच आहे, तर त्या पत्रातल्या जर्मनकडे वळू. व्यायाम, भाषा आणि मद्य ही त्रयी मला योगायोगाची वाटली होती. पण ही तिन्ही याच प्रांतात एकदा एका यादीत बसली होती. डिसेंबर १९४१ मध्ये गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका लिहिली. सेवाग्राम तेव्हा मध्यप्रांतातच. त्या कार्यक्रमात दारूबंदी आहे, आरोग्याचे शिक्षण आहे, प्रांतिक भाषा आणि राष्ट्रभाषाही आहेत. हवेतही तेच होते. वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ ची. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली होती. त्या पिढीचा तरुण पहाटे आखाड्यात जाई, संध्याकाळी राष्ट्रभाषेच्या परीक्षेचा अभ्यास करी, दारूच्या दुकानापुढे निरोधन करी. त्याला कोणी छंद म्हणत नसे. ते कर्तव्य होते. आज तीच तीन खाती एका माणसाच्या खाजगी वेळापत्रकात आली आहेत, फक्त तिसऱ्या खात्यातली वजाबाकी जाऊन बेरीज झाली आहे. हा ऱ्हास आहे असे मला म्हणायचे नाही. स्वतःच्या शरीरावर, जिभेवर आणि शनिवारवर स्वतःचा हक्क असणे ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच, की हा हक्क कोणाकोणाला मिळाला?

आणि येथे दुसरी बाजू डोळ्यांआड करता येणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हा झाडीपट्टीतल्या शिक्षकांनी पाहिली आहेत. वर्गातून गळालेल्या मुलांमागचे कारण पुष्कळदा तेच असते. शेजारच्या गडचिरोलीत लोकचळवळीच्या रेट्याने १९९३ मध्ये दारूबंदी झाली. दुकान बंद करण्यासाठी गावोगावच्या बायकांनी मतदान केले, त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचार मराठीला त्या बायकांनी दिला. मोहाच्या दारूचे गोडवे गाणाऱ्याने त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मीही ते गोडवे गात नाही. मला एवढेच दिसते, की त्या बायका दारूला दारू म्हणाल्या. फुलाला, झाडाला आणि ते वेचणाऱ्या हातांना त्यांनी सडके म्हटले नाही.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, ते सांगतो. हा विद्यार्थी माझ्याकडे अकरावीत होता. ‘माझा छंद’ या निबंधात त्याने पहाटे आजीबरोबर मोह वेचायला जाण्याविषयी लिहिले होते. झाडाखालचा पाला आधी जाळून जमीन कशी साफ करतात, फूल पडताना कसा आवाज होतो, ओल्या फुलांचा वास दिवसभर हातांना कसा राहतो. ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’. झाडीबोलीत ळ चा र आणि ण चा न होतो, तो सगळ्या पानभर झाला होता. मी लाल शाईने ते सारे र आणि न दुरुस्त केले. खाली लिहिले: ‘हा छंद नव्हे, काम आहे. वाचन, चित्रकला असा विषय घ्यावा.’ दहांपैकी चार गुण दिले. पुढच्या वेळी त्याने तिकिटे जमवण्यावर लिहिले. तिकीट त्याने कधी जमवले नसावे. तो निबंध निर्दोष होता.

पत्रात त्याने याचा उल्लेख केला नाही. विसरला असेल, किंवा शिष्टाचार म्हणून टाळला असेल. पण आज घरचा एकच शब्द त्याच्याजवळ उरला आणि तोही छाप्याच्या बातमीतला, याचे थोडे श्रेय कलम ६५ ला असेल, तर थोडे त्या लाल शाईलाही आहे.

त्याला मी शेवटी उत्तर पाठवले. ‘आंबवण’ लिही म्हटले. शब्द चांगला आहे, कोणाच्या नजरेत खुपणारा नाही. मग थांबून आणखी एक ओळ जोडली: सडवा हाच शब्द लिहायचा असेल तर तोही लिही, आणि आजी त्याला काय म्हणायची ते आठवून मला कळव. उत्तर यायचे आहे. या वर्षीही निबंधाचा विषय तोच ठेवला आहे. र आणि न जसेच्या तसे राहू देणार आहे.