प्लॉट 'एनए' आहे, पण लेआउट मंजूर आहे का? झोन, प्लॉटिंग आणि पार्किंगचे निर्णय कोण घेतं, कसे घेतं?

"हायवे टच, क्लिअर टायटल, एनए प्लॉट, लगेच खरेदीखत!" अशी जाहिरात तुमच्याही मोबाईलवर आली असेल. खाली हिरव्यागार शेताचा फोटो, त्यावर चुन्याने आखलेले चौकोन आणि एका कोपऱ्यात कमान. अनेक जण आयुष्यभराची बचत अशा एका गुंठ्यात, म्हणजे १,०८९ चौरस फुटांत टाकतात. काही वर्षांनी घर बांधायला गेल्यावर कळतं, की मधून डीपी रोड जातोय, लेआउट मंजूर नाही, किंवा बँक कर्जच देत नाही.

अशा वेळी आपण म्हणतो, "सरकारने अचानक नियम आणला." पण बहुतेक वेळा अचानक काहीच झालेलं नसतं. नकाशा प्रसिद्ध झालेला असतो, वर्तमानपत्रात नोटीस आलेली असते, हरकतींची मुदतही संपलेली असते. आपल्याला ते माहीत नसतं, एवढंच.

म्हणून आज समजून घेऊया तीन गोष्टी: झोन, लेआउट आणि पार्किंग. हे निर्णय कोण घेतं, आणि सामान्य माणसाला त्यात बोलायची संधी कधी मिळते?

निर्णय घेतं कोण?

महाराष्ट्रात याचा मूळ कायदा आहे 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६', म्हणजेच एमआरटीपी कायदा. या कायद्यानुसार प्रत्येक भागासाठी एक 'नियोजन प्राधिकरण' असतं. शहरात ते महानगरपालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत असते. नवी मुंबईच्या काही भागात सिडको, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, तर पुण्याच्या आसपासच्या गावांत पीएमआरडीए हे काम करतं. बाकीच्या ग्रामीण भागात प्रादेशिक योजना लागू असते आणि परवानगीचा कारभार जिल्हाधिकारी कार्यालय व नगररचना विभागाकडून चालतो.

त्यामुळे गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर "ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना, मग झालं" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

बांधकामाचे नियम कुठले? मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं वगळता, डिसेंबर २०२० पासून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू आहे. तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. मुंबईची नियमावली वेगळी आहे: 'डीसीपीआर २०३४'.

पहिला निर्णय: झोन

विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला 'डीपी' म्हणतो, तो साधारण २० वर्षांचा विचार करून केला जातो. त्यात प्रत्येक जमिनीचा वापर ठरतो. रहिवासी भाग पिवळ्या रंगात, व्यापारी निळ्या, औद्योगिक जांभळ्या आणि शेती किंवा ना-विकास भाग हिरव्या रंगात दाखवतात. म्हणूनच बोलताना लोक 'यलो झोन', 'ग्रीन झोन' असे शब्द वापरतात.

इथे एक फरक लक्षात ठेवा. झोन वेगळा आणि आरक्षण वेगळं. जमीन रहिवासी झोनमध्ये असूनही तिच्यावर शाळा, मैदान, उद्यान किंवा रस्त्याचं आरक्षण असू शकतं. "यलो झोन आहे" हे खरं असूनही तिथे घर बांधता येणार नाही, असं होऊ शकतं ते यामुळेच.

डीपी ठरतो कसा?

१. आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो.
२. जमिनीचा सध्याचा वापर काय आहे, त्याचा नकाशा तयार होतो.
३. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात.
४. नियोजन समिती हरकतींवर सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात.
५. बदलांसह आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि सरकार तो मंजूर करतं.

यातली तिसरी पायरी तुमची. ते ३० दिवस गेले, की नंतर एखाद्या जमिनीचा झोन किंवा आरक्षण बदलायचं असेल, तर कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव करावा लागतो. त्यातही नोटीस निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचाच असतो. शेजारच्या मैदानाचं आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव असेल, तर तो याच वाटेने येतो. म्हणजे बोलायची ही दुसरी संधी.

हरकत घेऊन खरंच काही होतं का?

होतं. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात चुकाच चुका निघाल्या. अस्तित्वात असलेल्या वास्तूंवरून रस्ते गेले होते, वारसा इमारतींच्या नोंदी चुकल्या होत्या. नागरिक, वास्तुरचनाकार आणि संस्थांनी हरकतींचा पाऊस पाडला. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा नव्याने दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि शेवटी २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला.

शेजारच्या गोव्यातलं उदाहरण त्याआधीचं. तिथला 'प्रादेशिक आराखडा २०११' मोठ्या प्रमाणावर हिरव्या जमिनी बांधकामाला खुल्या करतो, असा आक्षेप घेत लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला.

जमिनीवर आरक्षण पडलं तर कायमचं अडकलो का?

नाही. कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं मानलं जातं. मात्र हे आपोआप होत नाही. नोटीस रीतसर द्यावी लागते, सोबत मालकीची कागदपत्रं जोडावी लागतात.

दुसरा निर्णय: लेआउट

आता येऊया त्या 'एनए' शब्दाकडे. एनए म्हणजे बिनशेती. जमीन शेतीसोडून दुसऱ्या कामासाठी वापरता येईल का, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. पण त्या जमिनीचे प्लॉट पाडता येतील का, हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. त्याचं उत्तर मंजूर लेआउट देतो. जाहिरातीत पहिलं उत्तर ठळक अक्षरात असतं आणि दुसऱ्याबद्दल मौन असतं.

मंजूर विकास आराखड्यात जमीन रहिवासी झोनमध्ये असेल, तर आता वेगळी एनए परवानगी घ्यावी लागत नाही. ठरलेला कर आणि आकारणी भरावी लागते. त्यामुळे कागदावर 'एनए' दिसणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पण त्याने लेआउट मंजूर होत नाही.

लेआउट मंजूर करताना नियोजन प्राधिकरण बघतं ते असं:

- जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, तिच्यावर आरक्षण किंवा डीपी रोड आहे का
- जमिनीपर्यंत पोहोचणारा रस्ता कायदेशीर आहे का
- आतले रस्ते नियमाइतके रुंद आहेत का
- जमीन ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर किमान १० टक्के खुली जागा सोडली आहे का
- सांडपाणी आणि पावसाचं पाणी कुठे जाणार

ही खुली जागा आणि रस्ते विकता येत नाहीत. म्हणजे एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमिनीतून ४० प्लॉट कधीच निघू शकत नाहीत. कोणी तसे पाडले असतील, तर रस्ता आणि बाग तुमच्याच खिशातून कापली आहे असं समजा.

मंजुरीचेही टप्पे असतात. आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग रस्ते, गटारं वगैरे प्रत्यक्ष करून, मोजणी झाल्यावर अंतिम मंजुरी. त्यानंतर प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा होतो. "लेआउट मंजूर आहे" असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारा: तात्पुरता की अंतिम?

तुकडेबंदी आणि गुंठेवारी

शेतजमिनीचे फार छोटे तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं गेलं. २०२५ मध्ये राज्य सरकारने रहिवासी भागातल्या छोट्या तुकड्यांना यातून मोकळं करण्याची भूमिका घेतली. पण तुकड्याचा व्यवहार मान्य होणं आणि त्यावर बांधकाम परवानगी मिळणं या दोन गोष्टी एक नाहीत.

परवानगी नसताना पाडलेल्या प्लॉटना बोलीभाषेत 'गुंठेवारी' म्हणतात. अशा प्लॉटमध्ये बऱ्याचदा सातबाऱ्यावर पाच-दहा जणांची नावं सामाईक लागतात. तुमचा हिस्सा नोंदला जातो, पण तो नेमका कुठला, हे सरकारी नकाशावर नसतं. पुढे एकाने रस्ता अडवला, की सगळ्यांचं भांडण सुरू.

हे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट बसत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. शुल्क भरून नियमित होता येतं, पण प्रत्येक प्लॉट त्यात बसेलच असं नाही. "नंतर गुंठेवारीत होऊन जाईल" या भरवशावर आज नवा प्लॉट घेणं म्हणजे येईल की नाही ते ठाऊक नसलेल्या कायद्यावर पैसे लावणं.

तिसरा निर्णय: पार्किंग

सोसायटीतली निम्मी भांडणं पार्किंगवरून होतात. पण गाड्यांच्या जागा किती, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत नाही. ते नकाशा मंजूर होतानाच ठरलेलं असतं.

मुंबईत डीसीपीआर २०३४ नुसार किमान हिशोब असा आहे:

- ४५ चौ. मी. पर्यंत कार्पेट: ४ फ्लॅटमागे १ जागा
- ४५ ते ६० चौ. मी.: २ फ्लॅटमागे १ जागा
- ६० ते ९० चौ. मी.: प्रत्येक फ्लॅटला १ जागा
- ९० चौ. मी. पेक्षा मोठा: प्रत्येक फ्लॅटला २ जागा

म्हणजे ४० चौ. मी. चे ४० फ्लॅट असलेल्या इमारतीत, पाहुण्यांची जागा सोडली तर, नियमाने किमान १० गाड्यांची सोय पुरेशी धरली जाते. चाळीस कुटुंबांपैकी वीस जणांनी गाडी घेतली, तर दहा गाड्या रस्त्यावर येणारच. यात अध्यक्षांचा दोष नाही. फ्लॅट घेण्याआधी मंजूर नकाशातल्या जागा मोजणं हाच उपाय.

बिल्डर पार्किंग विकू शकतो का? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं, की स्टिल्ट पार्किंग हा स्वतंत्र 'फ्लॅट' नाही, तो इमारतीचा सामाईक भाग आहे, त्यामुळे बिल्डर तो वेगळा विकू शकत नाही. नंतर आलेल्या रेरा कायद्यात छत आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या 'गॅरेज'ची वेगळी व्याख्या आहे. उघडी पार्किंगची जागा त्यात येत नाही. २०२४ मध्ये महारेराने पार्किंगची लांबी, रुंदी, उंची यांचा तपशील करारात द्यायला सांगितलं. नुसतं "एक कार पार्क" एवढंच लिहिलेलं असेल, तर माप लिहून मागा.

सोसायटी स्थापन झाल्यावर आदर्श उपविधींनुसार जागा दिल्या जातात. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर चिठ्ठ्या टाकण्याची तरतूद आहे.

परवानगी नाकारली तर?

अर्ज केल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण अट अशी, की नकाशा सगळ्या नियमांत बसलेला हवा. अर्ज नाकारला, किंवा घातलेल्या अटी मान्य नसतील, तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

हरकत कशी लिहायची?

वकील लागतोच असं नाही. साध्या मराठीत अर्ज चालतो. त्यात गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, प्रस्ताव काय आहे, तुमचा आक्षेप काय आणि त्याऐवजी काय करावं, एवढं लिहा. सातबारा, फोटो जोडा. "सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य विसरू नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. "रस्ता नको" यापेक्षा "रस्ता अमुक गटातून वळवला तर तीन घरं वाचतात" हे जास्त ऐकलं जातं.

टोकन देण्याआधी एवढं बघा

- नगररचना कार्यालयाचा ताजा झोन दाखला आणि भाग नकाशा
- अंतिम मंजूर लेआउटची शिक्क्याची प्रत, आणि त्यात तुमचा प्लॉट क्रमांक
- स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका
- महारेरा क्रमांक: साधारणपणे ५०० चौ. मी. पेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे, तर नोंदणी लागते
- फ्लॅट असेल तर मंजूर नकाशातल्या पार्किंगच्या जागा

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे व्यवहाराची नोंद झाली. त्या जागेवर घर बांधता येईल, असं दुय्यम निबंधक सांगत नाही. ते फक्त झोन दाखला आणि मंजूर लेआउट सांगतो. हे दोन कागद समोर आल्याशिवाय कितीही घाई केली तरी टोकन देऊ नका.